विमान थांबल्यानंतरची नव्वद सेकंदे

सोलापुरात चाटी गल्लीत कापडाचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मला प्रश्न विचारला आहे. ते आपल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला गेले होते. दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. आईच्या मांडीवर औषधांची आणि प्रसादाची पिशवी होती, ती काढून खुर्चीखाली ठेवायला लावली. त्यांचा डोळा लागला होता, तेवढ्यात खिडकीचे झाकण वर करायला सांगितले. पुढच्या रांगेत जागा रिकामी असूनही तिथे बसू दिले नाही. उतरण्याच्या वेळी मागे झुकवलेली खुर्ची सरळ करायला लावली, तीही जरा तोडूनच. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा : "एसटीत किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये आम्हाला कोणी असे दरडावत नाही. शिवाय विमान पडलेच, तर पट्टा बांधला काय आणि न बांधला काय, वाचणार कोण? मग हे नियम नक्की कोणासाठी?"

मी एकतीस वर्षे या व्यवसायात होते. पहिली चौदा वर्षे केबिन क्रू म्हणून आणि नंतरची सतरा वर्षे नव्या मुलामुलींना आपत्कालीन प्रसंगांचे प्रशिक्षण देण्यात गेली. आता सोलापुरात परत आले आहे. तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण "वाचणार कोण?" ही एक समजूत दूर झाली की बाकीच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला जे घडले ते आपल्या सर्वांच्या मनात अजून ताजे आहे. विमानातील २४२ जणांपैकी २४१ जण गेले. तसल्या आघातापुढे पट्टा, खुर्ची किंवा कोणताही नियम फारसे काही करू शकत नाही, हे मी निःसंकोच मान्य करते. पण सगळे विमान अपघात तसे नसतात. खरे म्हणजे बहुतेक तसे नसतातच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० या काळातील तिथल्या विमान कंपन्यांचे ५६८ अपघात तपासले, तेव्हा त्या विमानांतील ९५ टक्क्यांहून अधिक माणसे वाचलेली आढळली. यात किरकोळ अपघातही धरलेले आहेत, असे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. म्हणून त्यांनी फक्त गंभीर अपघात वेगळे काढले, म्हणजे ज्यांत आग लागली, विमानाची मोठी मोडतोड झाली आणि माणसे गंभीर जखमी झाली किंवा दगावली असे. त्यांतही निम्म्याहून अधिक माणसे जिवंत बाहेर आली होती.

वर्तमानपत्रात मोठ्या मथळ्याने येतो तो आकाशातून कोसळण्याचा अपघात. आम्ही ज्याची तयारी करतो तो वेगळा असतो. विमान धावपट्टीवरून घसरते, चाक मोडते, इंजिन पेटते, पुढची चाके उघडत नाहीत म्हणून नाकावर टेकते. विमान थांबते तेव्हा आतली बहुतेक माणसे जिवंत असतात, शुद्धीवर असतात, काहींना साधे खरचटलेलेही नसते. बाहेर इंधन पेटलेले असते. त्या क्षणी जे घड्याळ सुरू होते, त्याच्यासाठी हे सगळे नियम आहेत.

हे घड्याळ किती वेळाचे, तेही ठरलेले आहे. ४४ पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानाच्या निर्मात्याला असे सिद्ध करावे लागते, की पूर्ण भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे होऊ शकते. ही चाचणी अंधारात, केवळ आपत्कालीन दिव्यांच्या उजेडात आणि निम्मी दारे बंद ठेवून घेतली जाते. कोणती दारे बंद असतील हे आतल्या कोणालाही आधी सांगत नाहीत. वाटेत मुद्दाम पिशव्या, उशा, पांघरुणे टाकलेली असतात. चाचणीतल्या माणसांपैकी किमान ४० टक्के स्त्रिया आणि किमान ३५ टक्के पन्नाशीच्या पुढचे लोक लागतात, आणि तान्ह्या मुलांच्या जागी तीन बाहुल्या असतात. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाची चाचणी मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला झाली, तेव्हा ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. नव्वद सेकंदच का, तर विमानाला बाहेरून लागलेली आग आत शिरली की साधारण दोन मिनिटांच्या आसपास अशी वेळ येते, की छताखाली साचलेले तापलेले वायू एकदम पेट घेतात आणि त्यानंतर आत कोणी जगू शकत नाही.

या चाचणीत धूर नसतो, किंकाळ्या नसतात आणि कोणाचेही लेकरू दोन रांगा मागे राहिलेले नसते. खऱ्या प्रसंगात हे सगळे असते. त्यामुळे नव्वद सेकंदांतली प्रत्येक सेकंद आधीच वाचवून ठेवावी लागते, आणि ती वाचवण्याची वेळ म्हणजे विमान अजून व्यवस्थित चालू असते तेव्हाची. तुमच्या आईंच्या मांडीवरची पिशवी खाली ठेवायला लावली, ती या हिशेबातली काही सेकंदे होती.

मी शिकवताना एक अपघात नेहमी सविस्तर सांगत असे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी सकाळी सातच्या सुमारास इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावरून १३१ प्रवासी आणि ६ कर्मचारी घेऊन एक बोइंग ७३७ ग्रीसच्या कॉर्फू बेटाकडे निघाले होते. धावपट्टीवर वेग घेत असताना धप्पकन आवाज झाला. वैमानिकांना टायर फुटला असे वाटले आणि त्यांनी उड्डाण रद्द केले. प्रत्यक्षात डाव्या इंजिनाचा एक भाग फुटून त्याच्या तुकड्याने पंखातील इंधनटाकीच्या झडपेला भोक पाडले होते आणि सांडणारे इंधन पेटले होते. विमान जमिनीवरून उचललेच गेले नव्हते. ते धावपट्टीवरून बाजूला वळून थांबले, अग्निशमन दल जवळच होते, आणि तरीही ५५ माणसे गेली. त्यांपैकी ४८ जणांचा जीव विषारी धुराने घेतला.

आत काय झाले हे पाहिले की आमचे नियम कुठून आले ते दिसते. उजव्या पंखावरच्या आपत्कालीन दारापाशी बसलेल्या तरुणीने ते उघडण्यासाठी चुकून खुर्चीच्या हातावर जोर लावला, कारण तिला दाराची कळ कोणती हे कोणी दाखवले नव्हते. शेजारच्या मैत्रिणीने खरी कळ ओढली तेव्हा सुमारे २२ किलोचे ते दार आत, त्या तरुणीच्या अंगावरच पडले आणि ती अडकली. मागच्या माणसाने ते दार उचलून बाजूला करीपर्यंत मोलाचा वेळ गेला. पुढच्या दाराकडे जाणारी वाट दोन भिंतींच्या मधून होती आणि ती जेमतेम ५७ सेंटिमीटर रुंद होती. तिथे माणसे एकमेकांत अडकून बसली. वारा मंदच होता, पण ज्या दिशेने विमान थांबले त्यामुळे ज्वाळा विमानाच्या अंगावरच येत होत्या. आज आपत्कालीन दाराजवळ जास्त मोकळी जागा असते, तिथल्या प्रवाशाला दार कसे उघडायचे हे समोर उभे राहून समजावून सांगतात, त्याच्या पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. जमिनीलगत दिव्यांची पट्टी असते आणि खुर्चीच्या गाद्या सहज पेट न घेणाऱ्या कापडाच्या असतात. या सुधारणांपैकी काहींची सुरुवात त्याआधीच झाली होती, पण मँचेस्टरनंतर कोणी त्यांना खर्चिक म्हणायला धजावले नाही.

आता तुमच्या विमानाकडे येऊ. सोलापूर-गोवा सेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाने. या विमानाची ठेवण मोठ्या विमानांपेक्षा वेगळी आहे. प्रवाशांचे दार मागे असते आणि पुढे सामान ठेवण्याची जागा असते. पंख वरच्या बाजूला असल्याने पंखावर उतरायची दारे नसतात. त्याऐवजी पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक छोटे आपत्कालीन दार असते. तुम्ही ज्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवले, त्या बहुधा याच दारांपाशी होत्या. तिथे बसणाऱ्याच्या हातात बळ हवे, त्याला सूचना समजल्या पाहिजेत आणि वेळ आली तर दार उघडून इतरांना वाट करून देण्याची त्याची तयारी हवी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईंवर ती जबाबदारी टाकणे योग्य नव्हते आणि तुम्ही तिथे बसला असतात तर तुमचे पहिले लक्ष आईंकडे गेले असते, दाराकडे नाही. त्यात वावगे काहीच नाही. पण म्हणूनच ती जागा तुमची नव्हती.

दुसरे कारण वजनाचे आहे, आणि ते प्रवाशांना सहसा कोणी सांगत नाही. सत्तरेक आसनांच्या विमानात कोण कुठे बसले आहे, सामान किती आहे, इंधन किती आहे, यावरून विमानाचा तोल उड्डाणाआधी कागदावर मांडलेला असतो आणि वैमानिक त्या आकड्यांवर उड्डाणाची मांडणी करतो. दहा माणसे स्वतःच्या मनाने पुढून मागे गेली, तर तो कागद खोटा ठरतो. मागच्या बाजूने चढ-उतार होणाऱ्या या विमानाच्या शेपटीखाली, ते उभे असताना, एक टेकू लावलेला असतो तो कधी विमानाकडे चालत जाताना पाहा. मागच्या दारात एकदम गर्दी झाली तर शेपूट खाली बसू नये म्हणून तो असतो. तो टेकू पाहिल्यावर तोलाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

खिडकीच्या झाकणाबद्दल तुम्ही विशेष तक्रार केली आहे, कारण आईंची झोपमोड झाली. त्यांना झालेला त्रास मला कळतो. पण दार उघडण्याआधी त्या बाजूला आग आहे का हे पाहावे लागते आणि क्रूला बाहेर पाहण्यासाठी खिडकी हेच साधन असते. मँचेस्टरसारख्या प्रसंगात चुकीच्या बाजूचे दार उघडणे म्हणजे आगीला आत बोलावणे. शिवाय बाहेरच्या बचाव पथकालाही आत काय चालले आहे हे त्याच खिडकीतून दिसते. तिसरे कारण डोळ्यांचे आहे. मे महिन्यात भर दुपारी सिद्धेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, हा अनुभव सोलापूरकराला सांगायला नको. विमानातून बाहेर पडताना तो क्षणभर परवडत नाही. म्हणून दिवसा झाकणे उघडी ठेवून आणि रात्री आतले दिवे मंद करून डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची किंवा अंधाराची आधीच सवय लावतात.

खुर्ची सरळ करण्याचे कारण मी पुस्तकातून शिकले होते, पण ते मला पटले एका प्रशिक्षणात. विमानाच्या सांगाड्यासारख्या खोलीत निरुपद्रवी पण दाट धूर सोडतात आणि तुम्हाला रांगत दारापर्यंत जायला सांगतात. आधी मोजलेले असते : माझ्या जागेपासून दार सात रांगा पुढे. डाव्या हाताने एकेक खुर्चीची पाठ चाचपत, तोंडाने आकडे म्हणत मी निघाले. स्वतःची बोटेही दिसत नव्हती. चार मोजले आणि पाचवी पाठ हाताला लागेना, कारण ती खुर्ची मुद्दाम मागे झुकवून ठेवली होती. हात पोकळीत गेला, मी ती रांग सोडून दिली असे मला वाटले आणि माझा हिशेब चुकला. मागे वळले तर पायात पिशवीचा बंद अडकला. त्याच प्रकारच्या विमानात मी तेव्हा सहा वर्षे काम करत होते, आणि दार सापडायला मला दुसऱ्याचा आवाज लागला. त्या दिवसापासून मी एकाही प्रवाशाची झुकलेली खुर्ची सोडली नाही. खुर्ची सरळ नसेल तर मागच्या माणसाला डोके खाली घालून स्वतःला सावरून बसायलाही जागा उरत नाही, हे आणखी एक कारण. पुढचा ट्रे बंद करायला लावतात तेही याचसाठी : तो उघडा असेल तर खिडकीजवळच्या दोघांची वाट अडते आणि धक्का बसला की त्याची कड थेट पोटात जाते.

पिशवीचा हिशेब तर साधा गुणाकाराचा आहे. विमान जोराने आदळून थांबते तेव्हा शरीरावर गुरुत्वाच्या नऊपट बल येणे अशक्य नाही. आजच्या विमानांच्या खुर्च्या सोळापट बलाच्या चाचणीतून गेलेल्या असतात. पाच किलोची पिशवी नऊपट बलाखाली पंचेचाळीस किलोसारखी वागते, म्हणजे जवळजवळ सिमेंटचे पोते. ते पोते आईंच्या हातांत राहणार नाही. ते पुढच्या माणसाच्या मानेवर जाईल.

विमान थांबल्यावर सामान सोडून बाहेर पडा, असे आम्ही ओरडून सांगतो तो नियम तर सगळ्यात जास्त मोडला जातो. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले बोइंग ७७७ धावपट्टीवर आदळले आणि पेटले. आत ३०० माणसे होती. सगळी वाचली, पण वरच्या कप्प्यांतून बॅगा काढणाऱ्यांची चित्रफीत जगाने पाहिली. विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी इंधनटाकीचा स्फोट झाला आणि आग विझवणारा एक जवान मृत्युमुखी पडला. उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले तेव्हा ३७९ जणांपैकी एकानेही प्राण गमावला नाही. त्या दुसऱ्या छोट्या विमानातील पाच जण मात्र गेले. हानेदातल्या विमानाची आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती, घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, क्रू ओरडून आणि कर्ण्यावरून सांगत होता, आणि प्रवाशांनी सामान जागेवर सोडले. शेवटचा माणूस बाहेर यायला अठरा मिनिटे लागली. नव्वद सेकंदांचा आकडा तिथे पाळला गेला नाही, पण वाट मोकळी राहिली म्हणून ती अठरा मिनिटे पुरली. बॅग खांद्यावर घेतलेला एक माणूस वाटेत एका माणसाची जागा जास्त घेतो, आणि मोठ्या विमानात बॅगेच्या टोकदार चाकाने दारातून खाली उतरायची, हवेने फुगवलेली घसरगुंडी फाटली, तर ते दार मागच्या सगळ्यांसाठी बंद होते.

पट्ट्याबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण हवेत असताना सर्वांत जास्त दुखापती पट्टा न बांधल्याने होतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला म्यानमारवर जोराचा धक्का बसला. विमान साडेचार सेकंदांत १७८ फूट खाली आले, पण जीवघेणी गोष्ट ती उंची नव्हती. वरचा जोर क्षणात उलटा झाला आणि पट्टा न बांधलेली माणसे छतावर आपटून पुन्हा खाली आली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, डझनावारी जखमी झाले. आपल्याकडे मार्च ते जून या महिन्यांत दुपारी पठारावरची जमीन तापते, हवा उकळीसारखी वर येते आणि उतरणाऱ्या विमानाला सतत गचके बसतात. एटीआर जेट विमानांपेक्षा खालून उडते, त्यामुळे त्याला हे गचके जास्त जाणवतात. ते बहुतांशी निरुपद्रवी असतात, मात्र पट्टा बांधलेल्यालाच.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगते. एप्रिल महिना होता, उतरणे सुरू झाले होते, पट्ट्याचा दिवा लागलेला होता. एक मध्यमवयीन गृहस्थ वरच्या कप्प्यातून फोनचा चार्जर काढायला उठले. मी बसा म्हणेपर्यंत विमान खाली गेले, ते वर उचलले गेले आणि पलीकडच्या रांगेत पट्टा बांधून, हात मांडीवर ठेवून शांत बसलेल्या एका आजींवर पडले. त्यांना फक्त खरचटले. आजींचे गळपट्टीचे हाड मोडले. विमान उतरून दवाखान्यात नेईपर्यंत त्या आजी त्या गृहस्थांचीच समजूत घालत होत्या, की तुमचा काही दोष नाही बाबा. मी त्यांचा हात धरून बसले होते. तुम्ही विचारले आहे की नियम कोणासाठी. मला प्रत्येक वेळी त्या आजी आठवतात.

आगीचे नियम प्रवाशांना जाचक वाटतात, तरी त्यांच्यामागे फार जुना आणि फार वाईट अनुभव आहे. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला आलेल्या विमानाच्या शौचालयात आग लागली. वैमानिकांनी ओर्ली विमानतळाजवळच्या शेतात विमान उतरवलेही, पण बहुतेक माणसे त्याआधीच धुराने गेली होती. १२३ जणांचा मृत्यू झाला. शौचालयातल्या कचरापेटीत टाकलेली पेटती सिगारेट हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. आज विमानात धूम्रपान पूर्ण बंद असले, तरी शौचालयाच्या दारावर राखदाणी असते आणि ती असलीच पाहिजे असा नियम आहे. अनेक जण हसून विचारतात, बंदी आहे तर राखदाणी कशाला? कोणी नियम मोडून सिगारेट पेटवलीच, तर ती कागदांनी भरलेल्या पेटीत न जाता राखदाणीत जावी, एवढ्यासाठी. शौचालयात धुराची सूचना देणारे यंत्र आले तेही अशाच आणखी एका आगीनंतर, २ जून १९८३ रोजी सिनसिनाटीला उतरलेल्या विमानात ४६ पैकी २३ जण गेल्यावर.

सिगारेटची जागा आता पॉवर बँकेने घेतली आहे. तिच्यातला लिथियमचा सेल बिघडला की स्वतःच तापत जातो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. सामानाच्या खणात हे घडले तर तिथे हात पोहोचत नाही. केबिनमध्ये घडले तर आम्ही पाणी ओतून ते थंड करू शकतो. म्हणून पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. शंभर वॉट-तासांपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. ती वरच्या कप्प्यात टाकू नका, जवळ ठेवा, म्हणजे तापू लागली तर कळेल. आणि सोलापूरकरांसाठी खास सांगायचे, तर सुके खोबरे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून निघालेल्यांच्या सामानात खोबऱ्याच्या वाट्या असतातच आणि तपासणीत त्या काढून घेतल्या की मन दुखावते. पण सुक्या खोबऱ्यातील तेलामुळे त्याचा ढीग स्वतःहून तापून पेट घेऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय यादीत ते आपोआप पेटणाऱ्या घातक मालात मोडते. प्रसाद म्हणून पेढे किंवा खडीसाखर न्यावी. शेंगांच्या चटणीलाही हा आक्षेप नाही, कोरडी असली म्हणजे झाले.

बाकीचे थोडक्यात. ऑक्सिजनचा मास्क आधी स्वतःला आणि मग लेकराला लावायचा, कारण ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर माणसाला शुद्धीवर राहून काही करायला ३० ते ६० सेकंदच मिळतात. तुम्ही बेशुद्ध झालात तर लेकराला कोणीच उरत नाही. एटीआरसारख्या २५,००० फुटांच्या आत उडणाऱ्या विमानात वरून पडणारे मास्क बहुधा नसतातच, तेव्हा ते दिसले नाहीत म्हणून घाबरू नये. पाण्यावरचे जीवनरक्षक जाकीट विमानाच्या आत फुगवू नये. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या विमानात अनेकांनी ते आतच फुगवले, आणि पाणी भरू लागल्यावर ते छताला चिकटून राहिले, खाली बुडी मारून दारातून बाहेर येऊ शकले नाहीत. तान्हे मूल मांडीवर असेल तर त्याला वेगळा छोटा पट्टा मागून घ्यावा. स्वतःच्याच पट्ट्यात मूल गुंडाळू नये, धक्का बसला तर तुमचे सगळे वजन त्याच्यावर येईल. मोबाइलच्या लहरींनी विमान पडते असे मी कधीच शिकवले नाही; पण वैमानिकाच्या कानात खरखर येऊ शकते, आणि उड्डाणाच्या पहिल्या तीन व उतरण्याच्या शेवटच्या आठ मिनिटांत प्रवाशाचे लक्ष फोनमध्ये नसावे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

तुमच्या तक्रारीचा जो भाग मला खरा वाटतो, तो दरडावण्याचा. कायद्याने क्रूच्या सूचना पाळणे बंधनकारक आहे आणि गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशाला, प्रकाराच्या गांभीर्यानुसार, तीन महिन्यांपासून दोन वर्षांहून अधिक काळ उड्डाणबंदी होऊ शकते. पण अधिकार आहे म्हणून कारण सांगायचे नाही, हे चुकीचे आहे आणि मी ते प्रशिक्षणात वारंवार सांगत आले. ज्या गावात घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि शेजारी कानडी बोलतात, तिथल्या वयस्कर बाईंना इंग्रजी आणि हिंदीतली भरधाव घोषणा ऐकवून आपले काम झाले असे मानणाऱ्या क्रूने स्वतःच नियमाचा अर्थ गमावलेला असतो. "मावशी, पिशवी खाली ठेवूया, धक्का बसला तर तुम्हाला लागेल," एवढे वाक्य पुरते. ते म्हणायला चार सेकंद लागतात. छोट्या विमानात दोघेच क्रू आणि तासाभराचा प्रवास, तरी चार सेकंद असतात. तुम्हाला पुन्हा असा अनुभव आला तर कंपनीला लेखी कळवा. पण पिशवी तेवढी खालीच ठेवा.

पुढच्या वेळी आईंना घेऊन जाल तेव्हा विमान सुटण्याआधी एक करा. आपल्या पट्ट्याचे बकल मोटारीसारखे दाबून उघडत नाही, वरची झडप उचलून उघडते. घाबरलेली माणसे धुरात बटण शोधत राहतात आणि बसल्या जागी अडकतात, हे अनेक अपघातांत दिसले आहे. आईंना ते दोनदा स्वतःच्या हाताने, खाली न पाहता, उघडून-लावून बघायला लावा. दुपारच्या एका वेळेची औषधाची गोळी पिशवीत न ठेवता कमरेच्या बटव्यात ठेवा, म्हणजे पिशवी सोडायची वेळ आली तर जीव त्यात अडकणार नाही. साडी नायलॉनची असेल तर त्या दिवसापुरती सुती नेसायला सांगा, कारण कृत्रिम धागा आगीजवळ वितळून अंगाला चिकटतो. चप्पल पायातून निसटणारी नको, मागे पट्टा असलेली हवी. आणि आपल्या जागेपासून मागच्या दारापर्यंत व पुढच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते हात लावून मोजा. आकडा आईंनाही सांगा. त्यांच्या लक्षात तो तुमच्यापेक्षा चांगला राहील.